घरच्या सीएनसीवर स्टॅटिकचा त्रास: अर्थिंगची वायर, अँटिस्टॅटिक होज की आयसोलेटर?

सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणी-कोरीवकाम करणाऱ्या मशीनवर, एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचं) लांबलचक काम संपत आलेलं असतं आणि लॅपटॉपमधून यूएसबी काढल्यावर येतो तसा आवाज येतो. केबल जागेवरच असते. स्टेपर, म्हणजे मशीन हलवणाऱ्या मोटरी, थांबतात. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) वेगळ्या बटणावर असेल तर तो मात्र चालूच राहतो, बिट एकाच जागी गरगरत राहतं आणि थोड्या वेळात तिथे काळा गोल डाग उमटतो. दुसऱ्या मशीनवर हेच दुखणं वेगळ्या रूपात दिसतं. कुठलाच लिमिट स्विच (हालचालीच्या टोकाला बसवलेला) दाबलेला नसताना जीआरबीएल, म्हणजे कंट्रोलर बोर्डातलं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, हार्ड लिमिटचा अलार्म देतं आणि सगळं काम पुन्हा शून्यापासून.

उपाय विचारला की एक जण म्हणतो अर्थिंग कर, दुसरा म्हणतो काळा अँटिस्टॅटिक होज घे, तिसरा यूएसबी आयसोलेटरची (लॅपटॉप आणि मशीन यांच्यातली विजेची थेट जोड तोडणाऱ्या पाटीची) लिंक पाठवतो. तिघांचंही कुठे ना कुठे बरोबर असतं, म्हणून तर नवा माणूस गोंधळतो. हा आढावा अशा माणसासाठी आहे, ज्याला तिन्हीवर पैसे घालायचे नाहीत आणि पहिला खर्च कशावर करायचा एवढंच ठरवायचं आहे.

माझा कौल आधीच देतो. पहिला खर्च चार वायरी, मूठभर दातेरी वॉशर आणि एक मल्टिमीटर. दुसरा खर्च होजवर. इलेक्ट्रॉनिक्सवरचा खर्च शेवटी, आणि तोही आधी लिमिट स्विचच्या वायरिंगवर. यूएसबी आयसोलेटर या यादीत बराच खाली येतो. का ते पुढे.

हे नक्की स्टॅटिकच आहे का?

घरच्या सीएनसीवर तीन वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट 'स्टॅटिक' म्हणतात.

पहिली गोष्ट खरी स्टॅटिक. भुसा आणि धूळ व्हॅक्यूमच्या प्लास्टिकच्या होजमधून घासत जाते, होजवर आणि धुळीवर उलटसुलट चार्ज साठतो, आणि पुरेसा साठला की जवळच्या धातूवर उडी मारतो. हवेत एक मिलिमीटरच्या उडीला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, म्हणजे होजपासून बोटापर्यंत अर्धा सेंटिमीटर निळी रेघ दिसली तर १५,००० व्होल्टच्या आसपासचा मामला आहे. माणसाला साधारण ३,००० व्होल्टच्या वरचाच झटका जाणवतो. कंट्रोलरला त्याहून कितीतरी कमी पुरतं, त्यामुळे आपल्याला काही जाणवलं नाही म्हणजे काही झालं नाही असं धरू नये.

दुसरी गोष्ट गळती. अनवाणी उभं राहून फ्रेमला मनगटाची मागची बाजू लावली की सतत झिणझिण्या येतात. हा स्टॅटिकचा झटका नाही, तो एकदाच 'चट्' करून संपतो. झिणझिण्या एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायच्या, आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून येतात. पॉवर सप्लायला अर्थ जोडलेलं नसेल तर त्याची पत्र्याची पेटी मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे १०० ते ११५ व्होल्टवर तरंगत राहते. करंट फार थोडा असतो, पण याचा अर्थ मशीनला अर्थिंग नाही असाच होतो.

तिसरी गोष्ट व्हीएफडीचा, म्हणजे स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा, विद्युत गोंगाट. १.५ किंवा २.२ किलोवॅटचा तो नेहमीचा चिनी स्पिंडल आणि सोबतचा व्हीएफडी वापरत असाल तर स्पिंडलची केबल हा एक छोटा रेडिओ ट्रान्समीटरच समजा. ती लिमिट स्विचच्या वायरीला चिकटून ड्रॅग चेनमधून (हलत्या केबली सांभाळणाऱ्या साखळीतून) गेली असेल तर स्टॅटिक शून्य असतानाही खोटे अलार्म येतात.

तिन्ही वेगळे काढायला एक दुपार पुरते. बिट वर उचलून, मटेरियलला न लावता, एखादं जुनं काम हवेत चालवायचं. आधी स्पिंडल चालू आणि व्हॅक्यूम बंद. यात मशीन कोलमडलं तर दोषी व्हीएफडी. मग स्पिंडल बंद, व्हॅक्यूम चालू, आणि होजच्या तोंडाला मूठ-मूठ कोरडा भुसा पाजत राहायचं. नुसती हवा ओढून फारसा चार्ज होत नाही, धूळ जायला हवी. यात काही मिनिटांनी मशीन पडलं तर स्टॅटिक. आणि व्हॅक्यूमचं बटण दाबताक्षणीच पडत असेल तर तो मोटर सुरू होतानाचा दणका आहे. व्हॅक्यूम दुसऱ्या सर्किटवरच्या सॉकेटला लावून पाहा, तेवढ्यानेच बरेचदा भागतं.

ऋतूचीही साक्ष घ्या. पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर इथे फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली सहज जाते, आणि स्टॅटिकचा हंगाम तोच. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे हवेतच इतका ओलावा असतो की पृष्ठभागावर बसलेल्या पाण्याच्या अदृश्य थरातून चार्ज आपोआप ओसरतो. गिरगावातल्या खोलीत जून-जुलैमध्ये वारंवार यूएसबी तुटत असेल तर मी स्टॅटिकवर शेवटी संशय घेईन. व्हीएफडी मात्र बारमाही असतो.

पहिला उमेदवार: अर्थिंग आणि जोडवायरी

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा अर्धवट केलेला उपाय. 'माझ्या मशीनला थ्री-पिन प्लग आहे' म्हणणाऱ्या माणसाला एकच काम सांगावं. प्लग सॉकेटातून काढ, मल्टिमीटर बीपवर ठेव, एक टोक प्लगच्या लांब-जाड अर्थ पिनला लाव आणि दुसरं टोक मशीनवर फिरव. बेड, दोन्ही बाजूंच्या प्लेटा, गॅन्ट्री (बेडवरून सरकणारी आडवी कमान), झेडची म्हणजे वर-खाली होणारी प्लेट, स्पिंडलचं अंग. बहुतेक घरगुती मशीनवर पॉवर सप्लायच्या पेटीवर बीप येतो आणि तिथेच थांबतो.

याचं कारण मशीनच्या बांधणीतच आहे. अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलवरचं अॅनोडायझिंग म्हणजे ऑक्साइडचा थर, आणि तो उत्तम इन्सुलेटर असतो. चंदेरी, चकचकीत प्रोफाइलवर मीटरची दोन टोकं दोन बोटांच्या अंतरावर टेकवली तरी मीटर गप्प. तिथेच पातीने थोडं खरवडलं की बीप. त्यातून गॅन्ट्री डेल्रिन प्लास्टिकच्या चाकांवर धावत असेल तर ती बाकी मशीनपासून पूर्ण तुटलेली. लिनियर रेल असली तरी ग्रीसच्या थरावर तरंगणाऱ्या गोळ्यांवर विसंबून राहू नये. म्हणजे डस्ट शू (बिटाभोवतीचं धूळ ओढणारं तोंड) आणि होज ज्याला लटकलेले असतात तो झेडचा भागच हवेत, आणि चार्ज तिथेच येतो. तिथून त्याला सगळ्यात जवळची वाट म्हणजे लिमिट स्विचची वायर, जी थेट कंट्रोलरच्या पिनपर्यंत नेऊन सोडते. मुख्य बेडला एक जाड वायर जोडून 'अर्थिंग झालं' म्हणणारे इथेच फसतात.

म्हणून प्रत्येक तुटक भागाला स्वतंत्र वायर हवी. १.५ चौरस मिलिमीटरची हिरवी वायर, टोकाला रिंग लग, आणि बोल्टखाली दातेरी वॉशर, म्हणजे तो अॅनोडायझिंग कातरून आतल्या धातूला भिडतो. हलणाऱ्या भागांसाठी बारीक तारांची लवचिक वायर ड्रॅग चेनमधून न्यायची, कारण घरगुती वायरिंगची कडक वायर वाकून वाकून आतल्या आत तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. सगळ्या वायरी एकाच ठिकाणी, तांब्याच्या छोट्या पट्टीवर आणायच्या आणि तिथून एक वायर घराच्या अर्थला. एकाला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळ करू नका. मधली एक सुटली की पुढचे सगळे भाग हवेत.

व्हीएफडी असेल तर स्पिंडलच्या गोल कनेक्टरची चौथी पिन जरूर तपासा. अनेक स्वस्त स्पिंडलमध्ये ती पिन असते, पण आत अंगाला जोडलेलीच नसते. मीटर खरं काय ते सांगतो.

लोक विचारतात, वायर किती जाड हवी? स्टॅटिकपुरतं बोलायचं तर जाडीला महत्त्वच नाही. माणसाच्या अंगावर साठलेला चार्ज उतरायला एक मेगाओहमची वाटही पुरते, अंगाची चार्ज धरायची क्षमता १५० पिकोफॅरड धरली तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत काम होतं. जाड वायर लागते ती दुसऱ्याच कारणासाठी. उद्या फेज फ्रेमला टेकली तर एमसीबी पाडण्याइतका करंट तिच्यातून जायला हवा. एकच वायर दोन्ही कामं करणार असेल तर हिशेब दुसऱ्या कामाचा धरायचा.

इथे दोन गोष्टी अजिबात नकोत. सॉकेटात अर्थ नाही म्हणून अर्थ आणि न्यूट्रल आतल्या आत जोडणं, हे जुन्या घरांतून सर्रास दिसतं. मागे न्यूट्रल कुठे तुटला तर मशीनची सगळी फ्रेम २३० व्होल्टवर येते. दुसरं म्हणजे मागच्या अंगणात फक्त मशीनपुरता वेगळा रॉड ठोकणं. घराच्या अर्थशी न जोडलेल्या दुसऱ्या अर्थमुळे दोन अर्थमध्ये फरक पडतो, आणि तो फरक यूएसबी केबलमधून लॅपटॉपकडे धावतो. वळवाच्या पावसात आसपास वीज पडली तर काय होईल ते सांगायला नको. रॉड ठोकायचाच असेल तर तो घराच्या अर्थला जोडूनच, आणि ते काम वायरमनकडून करून घ्या. नळाच्या पाइपला वायर बांधायचा जुना सल्लाही आता सोडून द्या, हल्ली पाइप प्लास्टिकचे असतात.

दुसरा उमेदवार: होज

अर्थिंग पक्कं झाल्यावरही होज स्वतः चार्ज होतच राहतो, कारण प्लास्टिकच्या भिंतीला अर्थ करता येत नाही. तांब्याची तार प्लास्टिकच्या ज्या जागी टेकते तिथलाच चार्ज उतरतो, चार बोटं पलीकडचा तसाच बसून राहतो. इथे तीन पर्याय एकमेकांशेजारी ठेवून पाहू.

आहे त्याच होजवर उघडी तांब्याची तार. तार आतून न्यायची की बाहेरून गुंडाळायची यावर बराच वाद घातला जातो. आतली तार धुळीच्या झोतातच असल्यामुळे चार्ज चांगला गोळा करते, पण एमडीएफच्या केसाळ धुळीचे आणि प्लायच्या लांब चिरफळ्यांचे पुंजके तिच्यावर अडतात आणि आठवड्याभरात होज तुंबतो. आधीच ३२ मिलिमीटरच्या व्हॅक्यूम होजमध्ये तर तिला जागाच नाही. बाहेरून, वीतभर अंतराने वेटोळे घालत नेलेली तार चार्ज कमी गोळा करते, पण हाताला बसणारे झटके आणि मशीनवरच्या मोठ्या उड्या ती अडवते, आणि आपल्याला मुळात तेच हवं असतं. मी बाहेरच्या तारेच्या बाजूचा आहे. तिचं टोक मशीनच्या तांब्याच्या पट्टीवर आणा. व्हॅक्यूमच्या अंगाला जोडून भागवू नका, कारण घरगुती व्हॅक्यूम बहुधा टू-पिनचे, प्लास्टिकच्या अंगाचे असतात आणि तिथे अर्थच नसतं.

याच पर्यायाचा एक पोटभेद आहे आणि तो फुकटात पडतो. तुमच्या होजमध्ये स्टीलची स्प्रिंग असेल तर टोकाचं दोन-तीन सेंटिमीटर प्लास्टिक सोलून ती स्प्रिंगच अर्थला जोडायची. स्प्रिंग प्लास्टिकमध्ये बुडलेली असल्यामुळे आतल्या भिंतीवरचा चार्ज ती उतरवत नाही, पण बाहेर जाणवणारा जोर बराच मोडते. निळ्या-हिरव्या बागेच्या पाइपात मात्र स्प्रिंग नसून कडक प्लास्टिकचीच फीत असते, मीटर लावून खात्री करा.

खरा अँटिस्टॅटिक होज. याच्या प्लास्टिकमध्येच कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे भिंतच थोडीफार वीज वाहून नेते आणि चार्ज जिथे जन्मतो तिथूनच सरकतो. काम म्हणाल तर तिन्हींत हा सरस, यात वाद नाही. अडचणी दोन. साध्या होजपेक्षा तो बराच महाग पडतो. आणि दोन्ही टोकांना साधे प्लास्टिकचे कफ असतील तर त्या महागड्या होजचं अर्थशी नातंच जुळत नाही. कफही काळे, वाहक हवेत, किंवा कफच्या आतून होजला टेकणारी तांब्याची पट्टी हवी. विकत घेताना नुसता काळा रंग पाहून फसू नका, काळा रंग कोणत्याही होजला देता येतो. साध्या मल्टिमीटरने दरवेळी निकाल लागत नाही, कारण अशा होजची ओहममधली रेंज मीटरच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. विक्रेत्याकडून रेझिस्टन्सचा आकडा लेखी मागा. तो 'एकदम अँटिस्टॅटिक आहे साहेब' एवढंच म्हणत असेल तर पुढच्या दुकानात जा.

तिसरा पर्याय फारसा कोणी मोजत नाही, पण हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो: किचन चिमणीला लावतात तो अॅल्युमिनियमचा फ्लेक्सिबल डक्ट. चार इंची तोंडाचा, कमी ओढीचा डस्ट कलेक्टर असेल आणि पाइपचा तो भाग हलत नसेल तर स्टॅटिकच्या हिशेबाने छान. हलणाऱ्या गॅन्ट्रीवर तो दोन महिन्यांत चिरतो, आणि शॉप व्हॅक्यूमच्या ओढीने चक्क चपटा होतो. भिंतीलगतची कायमची लाइन टाकायची असेल तर पीव्हीसीऐवजी जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, गोल डक्ट घ्यावा, आणि शेवटचे दीड-दोन मीटर फक्त लवचिक होज. जितका प्लास्टिकचा होज कमी, तितकी भानगड कमी.

होजच्या गप्पांत रंगाची २० लिटरची बादली विसरली जाते. प्लास्टिकचा सायक्लोन (धूळ गरगर फिरवून वेगळी काढणारा शंकू) आणि खाली ती बादली, हा घरगुती वर्कशॉपचा लाडका जुगाड. धूळ त्यात गरगर फिरते, म्हणजे घर्षण होजपेक्षाही जास्त. होज बदलूनही झटके येत असतील तर ते बादलीजवळून येतात का ते पाहा. बादलीला बाहेरून अॅल्युमिनियमची चिकटपट्टी उभ्या पट्ट्यांत लावून त्या तारेने अर्थला जोडल्या तर काम भागतं. हौशी लोक मग बादलीऐवजी १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा लावतात. तो लावू नका. होज तुंबल्यावर चांगला शॉप व्हॅक्यूम २० किलोपास्कलपर्यंत ओढतो, म्हणजे डब्याच्या एकेका बाजूवर दीडशे किलोहून जास्त दाब. डबा टणकन आत जातो. धातूचंच हवं असेल तर गोल, जाड पत्र्याचा ड्रम.

तिसरा उमेदवार: कंट्रोलर आणि केबल

आर्डुइनो उनो आणि त्यावरचं सीएनसी शील्ड, हा सगळ्यात स्वस्त आणि स्टॅटिकला सगळ्यात हळवा संच. लिमिट स्विचची पिन चिपच्या आतल्या २० ते ५० किलोओहमच्या रेझिस्टरने कशीबशी वर धरलेली असते. तिला दोन मीटरची साधी वायर जोडली की तो अँटेना होतो. होजवरची ठिणगी त्या वायरला शिवायचीही गरज नाही. ठिणगीचा करंट एका नॅनोसेकंदाच्या आसपास वर चढतो, आणि एवढ्या झटक्याने शेजारच्या वायरीत खोटा सिग्नल उमटायला वेळ लागत नाही.

इथले उपाय स्वस्तापासून महागाकडे असे जातात. स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा, म्हणजे वायर एरवी बंद सर्किटमध्ये घट्ट धरलेली राहते, शिवाय वायर तुटली तर मशीन लगेच सांगतं. सेटिंगमध्ये तेवढा बदल करावा लागतो. पिनजवळ ४.७ किलोओहमचा बाहेरचा पुल-अप (पिन वर धरणारा रेझिस्टर) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, हे दोन्ही मिळून चहाच्या पैशात येतं. शील्डेड केबल वापरा आणि तिची जाळी फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा. त्यापुढे ऑप्टोकपलरचं, म्हणजे विजेऐवजी प्रकाशातून सिग्नल पुढे देणारं बोर्ड, आणि १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारे, न टेकता ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर. ५ व्होल्टच्या सिग्नलला जो धक्का पुरतो, तो २४ व्होल्टच्या सिग्नलला हलवत नाही. माझ्या मते बहुतेकांना पहिल्या तीन पायऱ्यांपुढे जावंच लागत नाही.

आता तो प्रसिद्ध यूएसबी आयसोलेटर. एडीयूएम३१६० किंवा ४१६० चिपवरची छोटी पाटी मिळते, तिचा वेग सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंत, आणि जीआरबीएलला तेवढा भरपूर. लॅपटॉप आणि मशीन यांच्या अर्थमध्ये फेरा पडला असेल, म्हणजे ग्राउंड लूप असेल, तर ती उत्तम काम करते. ओळखायची खूण सोपी: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की त्रास थांबतो. अशा वेळी जरूर घ्या. पण ठिणगी लिमिट स्विचच्या वायरीतून कंट्रोलरवरच आदळत असेल तर कंट्रोलर रिसेट होणारच, आयसोलेटर असो वा नसो. लॅपटॉपचा पोर्ट वाचेल, टेबलावरचं काम वाचणार नाही. लोक आयसोलेटर लावून 'काही फरक नाही' म्हणतात ते यामुळेच.

त्या पैशांत मी आधी दीड मीटरच्या आतली जाड, शील्डेड यूएसबी केबल घेईन, दोन्ही टोकांना गोंगाट अडवणारे फेराइटचे मणी लावीन, आणि ती स्पिंडलच्या केबलपासून हातभर लांब ठेवीन.

यूएसबी मुळातूनच टाळायची असेल तर दोन रस्ते आहेत. एक ऑफलाइन कंट्रोलर, ज्यात पेनड्राइव्ह किंवा एसडी कार्डवरून काम चालतं आणि लॅपटॉप खोलीबाहेर राहतो. धूळ पाहता लॅपटॉपसाठीही हेच बरं. दुसरा इथरनेटचं बोर्ड. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मरच असतो, त्यामुळे साधारण १,५०० व्होल्टचं आयसोलेशन आपोआप मिळतं. आज नवीन मशीन बांधत असाल तर यूएसबीवर कामं पाठवणारा कंट्रोलर घेऊच नका. जुनं चालू मशीन असेल तर केवळ स्टॅटिकपायी कंट्रोलर बदलायची घाई नको, आधी वायरी.

हवेत ओलावा, स्प्रे, आयनायझर

विदर्भात कूलर घरोघरी असतोच, तो वर्कशॉपकडे वळवला की स्टॅटिक खरोखर उतरतं. पण एमडीएफ पाणी पितं आणि फुगतं, स्पॉइल बोर्ड (बेडवरची बळीची फळी) वाकतो, लिनियर रेलवर गंजाचे ठिपके येतात. लाकूडकामासाठी हा उपाय मला पटत नाही. खोली ४५-५० टक्क्यांवर स्थिर राहिली तर ठीक, कूलर तेवढ्यावर थांबत नाही.

अॅक्रिलिकवाल्यांचा मामला मात्र निराळा. तिथे मशीन बंद पडण्यापेक्षा भुशाचा त्रास मोठा असतो. चार्ज झालेले कण चरातच चिकटून बसतात, बिट त्यांनाच पुन्हा कापतं, ते वितळतात आणि कड दुधी होते. प्लास्टिकची संरक्षक फिल्म सर्रकन ओढून काढली की शीट काही हजार व्होल्टवर जाते आणि खोलीतली सगळी धूळ ओढून घेते. फिल्म सावकाश सोला, कामापुरती सोला, आणि कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका, पुसल्याने चार्ज वाढतोच. साबणाच्या दोन थेंबांचं पाणी लावलेलं ओलसर मऊ फडकं पुरतं. नुकत्या कापलेल्या कडांना अल्कोहोल लावू नका, ताणाखालच्या अॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. अँटिस्टॅटिक स्प्रेचा परिणाम काही तास किंवा दिवस टिकतो, पण ज्या शीटवर नंतर रंग किंवा विनाइल चढवायचं आहे तिथे त्याचा थर नडतो.

नुसत्या कॉम्प्रेसरच्या हवेने कण उडतात, चार्ज जात नाही, कण पलीकडे जाऊन पुन्हा चिकटतात. आयनायझर पंखा, म्हणजे चार्ज असलेले हवेचे कण सोडणारा पंखा, चार्ज खरोखर मारतो. रोज अॅक्रिलिकच्या पाट्या, ट्रॉफ्या कापून विकणाऱ्याने तो जरूर घ्यावा आणि त्याच्या सुया वरचेवर साफ कराव्यात. एमडीएफच्या धुळीत त्या सुया लगेच माखतात आणि पंखा नुसता पंखा उरतो. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आल्यापासून मखरांचं बरंच काम एमडीएफकडे वळलं, त्यामुळे घरगुती मशीनवर एमडीएफच जास्त दिसतं. तिथे आयनायझरचा खर्च वाया.

मनगटाला बांधायचा ईएसडी पट्टा (अंगावरचं स्टॅटिक अर्थला उतरवणारा) हाही एक सल्ला ऐकू येतो. सर्किट बोर्ड हाताळताना तो हवाच. फिरत्या स्पिंडलजवळ मनगटाला वायर बांधून उभं राहणं हा मात्र शुद्ध वेडेपणा. मशीनच्या पुढच्या कडेला अर्थ केलेली अॅल्युमिनियमची पट्टी लावा आणि कंट्रोलरला किंवा बिटाला हात लावण्याआधी तिला स्पर्श करा. पायात रबरी चपला आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल असेल तर ही सवय विशेष लावून घ्या. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर हा त्रास कमीच जाणवतो.

स्फोटाची भीती किती खरी?

होजमधल्या ठिणगीने भुसा पेटेल आणि खोली उडेल, असं कोणीतरी सांगतंच. लाकडाची धूळ पेटवायला साधारण दहा-वीस मिलीज्यूलपासून पुढे ऊर्जा लागते, आणि हवेत धूळही दर घनमीटरला चाळीस-पन्नास ग्रॅम, म्हणजे समोरचं दिसेनासं होईल इतकी दाट हवी. प्लास्टिकच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या नेहमीच्या ठिणगीत चारेक मिलीज्यूलच असतात. घरच्या आकाराच्या यंत्रणेत हा धोका फार दूरचा. जवळचा धोका वेगळाच आहे, आणि तो या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात येऊन गेला: थांबलेल्या मशीनवर फिरत राहिलेला स्पिंडल. एमडीएफचा जळता कण व्हॅक्यूमच्या पिशवीत गेला तर तासाभराने आग दिसते. म्हणून स्पिंडलचं चालू-बंद कंट्रोलरच्या हाती द्या, आणि मशीन चालू ठेवून बाजारात जाऊ नका. अॅल्युमिनियमची बारीक पूड आणि लाकडाचा भुसा एकाच व्हॅक्यूममध्ये मिसळू नका, तिथे वरचा हिशेब लागू होत नाही.

मग कोणी काय घ्यावं?

पुण्यात किंवा नाशकात, घराच्या गॅरेजमध्ये, शॉप व्हॅक्यूम लावून एमडीएफ आणि प्लाय कापणारा: जोडवायरी आणि होजला बाहेरून तार. पुढच्या उन्हाळ्यातही झटके बसले तर अँटिस्टॅटिक होज, कफसकट. आयसोलेटर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहिल्याशिवाय नको.

मुंबईत भाड्याच्या फ्लॅटमध्ये छोटं ३०१८ (म्हणजे साधारण ३० × १८ सेंटिमीटर कामाच्या जागेचं) मशीन चालवणारा: आधी सॉकेटात अर्थ आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट, एवढं तरी दिसायला हवं. तुमच्याकडे स्टॅटिकपेक्षा गळती आणि गोंगाट यांचीच शक्यता जास्त. होजवर खर्च करू नका. लिमिट स्विचला कपॅसिटर आणि बरी यूएसबी केबल, बस.

अॅक्रिलिकचा धंदा करणारा: जोडवायरी, आयनायझर, आणि कामाच्या टेबलावर ओलं फडकं.

नवीन मशीन घ्यायला निघालेला: पैसे देण्याआधी विक्रेत्याला मल्टिमीटर आणायला सांगा. प्लगच्या अर्थ पिनपासून स्पिंडलच्या अंगापर्यंत आणि गॅन्ट्रीपर्यंत बीप ऐकवायला सांगा. बीप आला नाही तर जोडवायरी टाकून द्यायला सांगा, त्याचं ते अर्ध्या तासाचं काम आहे. स्पिंडलचं चालू-बंद कंट्रोलरच्या हातात आहे का, आणि लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड आहेत का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.